निळा माइक

१

मांडव उभा करायला दोन दिवस लागले होते. उतरवायला मात्र एक सकाळ पुरणार, असं दिसत होतं. सारसोळ्यात देवजी तांडेलांच्या दारात दोन मजूर बांबूंचे दोर सोडत होते आणि खुद्द देवजी खाली उभे राहून, सगळा गुन्हा बांबूंचाच असल्यासारखे त्यांच्यावर ओरडत होते.

राजश्री तांबेने स्कूटर बाजूला लावली आणि बांबू चुकवत ती ओटीवर चढली. एका बँकेत ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी तपासता तपासता कंटाळून तिने नोकरी सोडली होती आणि कामोठ्यात फरसाणाच्या दुकानावर स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. जिना चढणाऱ्याला आधी ताज्या शेवेचा वास येई आणि मग राजश्रीचे प्रश्न. शेव पचायला सोपी, असं तिचे अशील म्हणत.

आजची अशील मासळीच्या पालथ्या क्रेटवर बसली होती. मनस्वी, देवजींची एकुलती एक मुलगी. परवा तिची हळद लागायची होती, तेरवा लग्न व्हायचं होतं. डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत होता.

“मॅडम, मला सांत्वन नकोय. ते द्यायला सकाळपासून अख्खी आळी येऊन गेली. मला एवढंच कळायला पाहिजे, की हा मेसेज रूपेशने पाठवला की नाही. त्याने पाठवला असेल तर विषय संपला, मी रडून घेईन. नसेल पाठवला, तर हळद परवाच लागणार.”

“आणि तोवर मला काही सापडलं नाही तर?”

“सापडेल. सापडल्याशिवाय मी तुमाला घरी सोडणार नाही.”

राजश्रीला मुलगी तिथल्या तिथे आवडली. तिने फोन मागून घेतला. रूपेशच्या नंबरवरून काल संध्याकाळी आलेला व्हॉट्सॲप मेसेज समोरच होता. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, सगळं एका दमात:

‘मला हे लग्न करायचं नाही यात तुझा काही दोष नाही सगळ्यांना सांग मीच नाही म्हटलं रडू नको जेवून घे’

“मी लगेच फोन लावला, तर बंद,” मनस्वी म्हणाली. “मग तीन व्हॉइस मेसेज पाठवले. पहिल्यात भांडले, दुसऱ्यात विचारलं की माझं काय चुकलं. तिसऱ्यात... तिसऱ्यात काही बोलताच आलं नाही. बघा, तिन्ही माइक निळे झालेत. म्हणजे तिन्ही ऐकलेत त्याने. रात्री म्हणाला, मेसेज मी पाठवलाच नाही. पण माझं रडणं ऐकलं तेव्हा गप्प बसला. त्या मेसेजपेक्षा मला तेच जास्त लागलंय.”

तेवढ्यात देवजी ओटीवर आले. रागाने त्यांचा चेहरा काळवंडला होता. “त्याला इचारायचा काय? साखरपुड्याला सगल्या पावन्यांसमोर फोन नाचवून बोल्ला, माझे फोनात कोनी घुसू शकत नाय. मंग धाडला कोनी? खारीतल्या भुतानं?”

कालच्या रागाच्या भरात त्यांनी गावकीला सांगून टाकलं होतं, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण बाईंना येऊ नका म्हणून कळवलं होतं. आता शब्द मागे घ्यायचा, तर मान खाली घालावी लागणार होती, आणि देवजींच्या मानेला ती सवय नव्हती.

राजश्री काही बोलणार तोच तिचा स्वतःचा फोन वाजला. रूपेश घरतचा होता. मनस्वीनेच त्याला नंबर दिला होता.

“मॅडम, लपवत नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “तो मेसेज माझ्या फोनमध्ये पण दिसतोय. माझ्याच नावाने. पण आईशपथ, मी तो लिहिलेला नाही.”

२

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरच्या रांगेशेजारी चहाची एक टपरी होती, तिथे रूपेश बसला होता. घरी बसवत नव्हतं म्हणाला. पोरगा सॉफ्टवेअरमधला होता, थोरल्या भावाचे ट्रेलर होते. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

“तो प्रसिद्ध फोन दाखव,” राजश्री म्हणाली.

त्याने जो काढला तो अर्ध्या विटेएवढा जाड होता. फोनचं नाव निघताच, एवढ्या दुःखातही, रूपेश ताठ झाला.

“हा लिनक्सवर चालतो, मॅडम. याच्यात कुठल्या कंपनीचा डोळा नाही की कान नाही. ही बाजूची बटणं बघा. हे माइक-कॅमेऱ्याचं, हे नेटवर्कचं. खाली केलं की आतली वीजच तुटते. बाहेरून कोणी काही करू शकत नाही.”

“बॅटरी किती टिकते?”

“दुपारपर्यंत,” तो जरा हळू म्हणाला.

“आणि व्हॉट्सॲप?”

इथे मात्र त्याचा ताठा उतरला. “ते याच्यावर चालतच नाही. पण व्हॉट्सॲपशिवाय आपल्याकडे कोण जगू देतं? मांडववाला तिथे, केटरर तिथे, आत्या-मामा तिथे, मनस्वी तिथे. मग एक जुगाड केला. जुना अँड्रॉइड फोन होता, खातं त्याच्यावर ठेवलं. घरात एक छोटा संगणक बसवला आणि दोघांमध्ये पूल बांधला. मी या फोनवर लिहितो, ते पुलावरून व्हॉट्सॲपवर जातं. तिकडून आलेलं पुलावरून माझ्याकडे येतं. पूल माझ्या मित्राने, निशांतने, बांधून दिला.”

राजश्रीने मान हलवली. म्हणजे गडी जगापासून लपून बसला होता, आणि जगाशी बोलायला ठेवलेली एक खिडकी मात्र उघडीच होती.

“काल संध्याकाळी तू कुठे होतास?”

“पनवेलकडे पत्रिका वाटत होतो. संध्याकाळी तीन तास मी नेटवर्कचं बटण खाली करतो. डोक्याला शांतता म्हणून. रोजचंच आहे, घरच्यांना माहीत आहे, मित्रांना माहीत आहे. काल बटण वर केलं तेव्हा तिचे तीन व्हॉइस मेसेज होते, आणि त्यांच्या वर माझ्याच नावाचा तो मेसेज. मी ते ऐकतोय तोवर तिचे बाबा आमच्या दारात येऊन शिव्या घालून गेले होते.”

“जुन्या फोनची काही निगा राखावी लागते का?”

“पंधरा-एक दिवसांतून एकदा तो हातात घेऊन व्हॉट्सॲप उघडावं लागतं. नाही उघडलं तर मूळ फोन बंद पडला असं समजून ते जोडलेलं सगळं तोडून टाकतं.”

“शेवटचं कधी उघडलंस?”

रूपेश आठवू लागला. साखरपुडा, कपडे, पत्रिका, मामाचं रुसणं. त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू वर आली.

“साखरपुड्याच्या आधी. दोन महिने होऊन गेले. विसरलोच मी. चालू होतं सगळं, म्हणून आठवणच झाली नाही.”

“पंधरा दिवसांत तुटायला हवा तो पूल दोन महिने उभा आहे,” राजश्री म्हणाली. “म्हणजे तो फोन कोणीतरी उघडतंय. कुठे ठेवलाय?”

“घरी,” रूपेश म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “देवघरात.”

३

घरतांचं घर जुन्या कळंबोली गावात होतं. खाली गाळे, वर कुटुंब. देवघर म्हणजे आतली एक छोटी खोली. देव्हाऱ्यात विजेवरची समई अखंड जळायची, म्हणून इन्व्हर्टरची एकमेव जोडणी तिथेच होती, आणि म्हणून रूपेशचा संगणक आणि चार्जरला लावलेला जुना फोनही तिथेच, खंडोबाच्या टाकाशेजारी. राजश्रीने फोन उचलला. पडद्यावर बोट फिरवलं आणि तो सरळ उघडला.

“कुलूप नाही?”

“सिम नाही, काही नाही, देवघरात पडलेला असतो,” रूपेश ओशाळून म्हणाला. “कोण बघणार?”

राजश्रीने हसू आवरलं. खिशातल्या फोनला तीन बटणं, आणि घराची किल्ली देवापुढे पडलेली! तिने फोन होता तिथे ठेवला आणि माणसांकडे वळली.

काल संध्याकाळी थोरला भाऊ हितेश ट्रेलर घेऊन नागपूरच्या रस्त्यावर होता. उरल्या वहिनी आणि आई.

वहिनी, म्हणजे प्रिया, बालवाडीत शिकवायच्या. पहिल्या प्रश्नालाच त्यांनी पदर खोचला. “माझ्यावर संशय घ्या, बिनधास्त घ्या. माझ्या मामेबहिणीचं स्थळ रूपेशभावजींसाठी आधी आलं होतं, ते यांनी नाकारलं. मी साखरपुड्याला तोंड फुगवून बसले होते, सगळ्यांनी बघितलंय. पण म्हणून मी असले धंदे करत नाही. आणि केला असता, तर पूर्णविराम तरी दिला असता.”

“काल संध्याकाळी कुठे होता?”

“टेलरकडे, ब्लाउज आणायला. आई एकट्याच होत्या. नाही, एकट्या नाही. निशांत आलेला. संगणकाची वायर सैल झाली म्हणून. बराच वेळ देवघरात बसलेला, मी निघाले तेव्हा तिथेच होता.”

“निशांत?” रूपेश चमकला. “मला काही बोलला नाही तो!”

“त्यो नाय,” दारातून आवाज आला. रूपेशची आई, पुतळाबाई, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बारीक अंगाची, नऊवारीतली, चेहरा ओढलेला. “त्याचा नाव नका घेऊ, बाय. त्यो पोर आसा नाय करनार.”

“तुम्ही त्याला परत जाताना बघितलंत?”

“दिवा लावायचे आदी गेला त्यो. चा घ्या. आनि जेवल्याबिगर जाऊ नका, भाकऱ्या टाकते. तुमचा तोंड पार सुकलाय.”

राजश्री नको म्हणत होती, तरी पुतळाबाई आत गेलीच. प्रिया वहिनी हळूच म्हणाल्या, “आम्हाला सगळ्यांना जेवायला वाढतात आणि स्वतः कालपासून पाण्यावर आहेत. कसला उपास विचारलं तर सांगत नाहीत. भावजींचं लग्न मोडलं, ते मनाला लावून घेतलंय.”

“दिवसभर करमतं का त्यांना?”

“पूर्वी नाही करमायचं. आता मी त्यांना मोबाइलवर भजनं लावायला शिकवलंय. लिहिता-वाचता येत नाही, पण माइकचं चित्र दाबून बोललं की झालं, अक्षरं आपोआप उमटतात.”

राजश्रीने भाकरी खाल्ली, गरम आणि मऊसूत. खाताना ती पुतळाबाईकडे बघत होती, आणि पुतळाबाई तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. निघताना राजश्रीने रूपेशला एकच प्रश्न विचारला, निशांत कुठे भेटेल?

४

निशांत नेरुळला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात भेटला. राजश्रीला बघून त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“काल देवघरात होतास, आणि मित्राला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर त्याने काय समजलं असतं, ते तुमाला पण माहीत आहे,” निशांत म्हणाला. “कॉलेजात मनस्वी मला आवडायची. रूपेशला ठाऊक आहे. मीच दोघांची ओळख करून दिली, वर त्याला पूल बांधून दिला, म्हणजे दोघांना नीट बोलता यावं. आता एवढं सगळं केल्यावर मला सांगा, मी गाढव आहे की गुन्हेगार?”

“अजून ठरायचंय. मेसेज पुलावरून गेला का?”

“नाही. तो पलीकडून आला, जुन्या फोनवरून. पूल माझा आहे. मला पाठवायचा असता तर मी देवघरापर्यंत गेलोच नसतो, घरी बसून पाठवला असता आणि खूणही ठेवली नसती.”

हे म्हणणं खरं असू शकत होतं, आणि पाठ केलेलंही असू शकत होतं. राजश्री स्टुलावर बसून राहिली. न बोलता बसून राहिलं की माणसं आपणहून बोलतात, हा तिचा बँकेतला अनुभव होता.

“आणि रूपेशने तिचे मेसेज बघितल्याचं मनस्वी म्हणते ना,” निशांत वैतागून म्हणाला, “तेच मला कळत नाही. रूपेशने निळ्या टिका कधीच बंद केल्यात. दोन वर्षं झाली, त्याने काय वाचलं हे कोणालाच दिसत नाही.”

“टिका नाही. व्हॉइस मेसेजवरचा माइक निळा झालाय.”

“ते शक्य नाही.”

“का?”

“म्हणजे माइकची खूण बंद करता येत नाही, हे खरं. व्हॉट्सॲप ती सोय देतच नाही. पण रूपेश तर पुलावरून ऐकतो. माझ्या पुलावरून ऐकलं की ती खूण पलीकडे जात नाही. किती दिवस दुरुस्त करायचं म्हणतोय, राहूनच गेलं. त्याने शंभरदा ऐकलं तरी तिकडे माइक करडाच राहणार.”

राजश्री उभी राहिली. तिने तिथूनच मनस्वीला फोन लावला.

“मनस्वी, रूपेशबरोबरची चॅट वर सरकव. मागे मागे जा. तुझे सगळे व्हॉइस मेसेज बघ. माइक निळे कधीपासून आहेत?”

पलीकडे मनस्वी एकेक मेसेज बघत मागे जात राहिली.

“ताई,” मनस्वी शेवटी म्हणाली, आणि मॅडमची ताई कधी झाली ते तिलाही कळलं नाही. “आधीचे सगळे करडे आहेत. मी त्याला चिडवायचे, माझा आवाज तू ऐकतच नाहीस म्हणून. साखरपुड्यानंतर निळे व्हायला लागले. मला वाटलं, सुधारला. पण कोण ऐकतंय हो हे?”

५

सारसोळ्याच्या जेट्टीवर होड्या चिखलात टेकल्या होत्या, भरतीला अवकाश होता. राजश्री आणि मनस्वी तिथल्या कठड्यावर बसल्या. देवजी जरा दूर, जाळ्याच्या ढिगाशी, ऐकत नसल्याचं दाखवत उभे होते.

“आपण मेसेज पाठवणाऱ्याला शोधत होतो,” राजश्री म्हणाली. “खरं तर ऐकणाऱ्याला शोधायला हवं होतं. दोन महिने कोणीतरी देवघरात बसून तुझे व्हॉइस मेसेज ऐकतंय, रोज. त्यासाठी फोन उघडला जातो, म्हणून तो पूल तुटला नाही. रूपेश विसरला आणि या माणसाने त्याचं काम केलं, नकळत. आता मेसेज पुन्हा वाच. तुमच्या वाइटावर असलेल्याने लिहिला असता तर काय लिहिलं असतं?”

“माझ्याबद्दल काहीतरी घाणेरडं.”

“बरोबर. पण इथे काय आहे? तुझा दोष नाही. सगळ्यांना सांग, मीच नाही म्हटलं. म्हणजे गावात तुझं नाव खराब होऊ नये, सगळा दोष रूपेशवर यावा, ही काळजी. लग्न मोडणारा माणूस तुझा कैवारी आहे. आणि शेवटी काय म्हणतो?”

मनस्वीने वाचलं. तिचं बोट शेवटच्या दोन शब्दांवर थांबलं.

“जेवून घे,” राजश्रीच म्हणाली. “लग्न मोडताना मुलीला जेवून घे म्हणून कोण सांगतं गं? प्रियाने लिहिला असता तर विरामचिन्हं असती. निशांत असता तर पुलावरून आला असता. हा मेसेज लिहिलेलाच नाही. बोललेला आहे. माइक दाबून बोललं की अक्षरं उमटतात, विराम उमटत नाहीत. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, जी आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि कालपासून जिने स्वतः अन्नाला शिवलेलं नाही...”

“रूपेशची आई?” मनस्वी ओरडलीच. “पण त्यांना मी आवडते! साखरपुड्याला माझा हात सोडत नव्हत्या.”

“आवडतेस, म्हणूनच. काहीतरी ऐकूनच त्यांनी हे केलं असणार. गेल्या काही दिवसांत तू काय पाठवलं होतंस? नुसते तुझे आवाज लाव. रूपेशची उत्तरं वाचू नको. त्यांनाही ती वाचता येत नाहीत.”

मनस्वीने लावलं. जेट्टीवर तिचाच आवाज घुमला, रडवेला. ‘रूपेश, मी मनापासून हो म्हटलंच नव्हतं रे. बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, मग मी काय बोलणार? आता नाही म्हटलं तर त्यांची मान खाली जाईल. मला रोज रात्री रडू येतं. कोणी माझी यातून सुटका करेल का?’

“अगं बाई,” मनस्वी म्हणाली. “हे तर मच्छीमार सोसायटीचं आहे! बाबांनी मला परस्पर सेक्रेटरी करायचं ठरवलं. रूपेशने लिहिलं होतं, सोसायटीचं काय झालं? त्यालाच मी हे उत्तर दिलं.”

“त्याचं लिहिलेलं त्यांना दिसलं, पण वाचता आलं नाही. त्यांनी निम्मंच संभाषण ऐकलं. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की एक मुलगी बापाच्या शब्दासाठी रडत रडत लग्नाला उभी राहते आहे.”

देवजी आता अगदी जवळ आले होते. “त्या बाईनं?” ते गरजले. “मी आताच जातो कलंबोलीला!”

मनस्वी उठून त्यांच्या समोर उभी राहिली. “बाबा, काल तुमी कोणाचं ऐकून घेतलं नाहीत, त्याचं काय झालं ते दारात पडलंय. आणि मी सेक्रेटरी होणार नाही, हे पण आत्ताच ऐका. आज मी जाणार. तुमी माझ्यामागून या, आणि गप्प बसा.”

देवजी मुकाट आपल्या चपला शोधू लागले. त्यांच्या आयुष्यात असं बहुधा पहिल्यांदाच होत असावं.

६

दिवेलागणीला घरतांच्या बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. रूपेश, प्रिया वहिनी, निशांत, एका खुर्चीत मुकाट देवजी. पुतळाबाई आत देवघरात होती, रोजच्यासारखी. मनस्वी खाली जिन्याशी उभी राहिली होती. राजश्रीने तिला एवढंच सांगितलं होतं, आरोप करू नको, जे सांगायचं ते सांग.

आतून फोनचा बारीक टिंग असा आवाज आला. आणि मग देवघरातून मनस्वीचा आवाज आला.

‘आई, हा मेसेज रूपेशसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. मी रडत होते ते सोसायटीच्या कामासाठी. लग्नासाठी नाही. रूपेशला मी स्वतः निवडलंय, मला कोणी जबरदस्ती केली नाही. तुमी माझी सुटका करायला गेलात. आजवर माझ्यासाठी असं कोणी केलं नव्हतं. मी खाली उभी आहे. बोलवाल का वर?’

मग पुतळाबाई दारात आली. फोन तिने दोन्ही हातांत धरला होता.

“मीच धाडला,” ती म्हणाली. “रूपेश, मना काय बोलायचा ते बोल. मना वाचता येत नाय रे. पन तिचा आवाज आयकायला बरा वाटायचा. ‘जेवलास का’ आसा रोज इचारायची. तुला इचारायची, पन मना वाटायचा, मनाच इचारते. मंग एक दिस ती रडली. माझे लगनात मी नको बोललेली, तं बापानं दाराला कडी घातली. कोनी इचारला नाय मना, की पोरी, तुना काय पायजे. मी ठरवला, हिचा आसा होऊ द्यायचा नाय. पोरीनं मोडला तं पोरीचा नाव जाते. पोराला कोन काय बोलनार? म्हनून तुझे नावानं बोलली. टीवीवरच्यासारखा सुद्द बोलली.”

“आई, मग काल सांगायचं ना!” रूपेशचा आवाज फाटला.

“तिचा पयला आयकला, वाटला, दचकली आसंल. दुसरा आयकला. तिसऱ्यात ती बोललीच नाय, नुसती रडली. तवा समजला, माझा कायतरी चुकला. पन तवर हे दारात आयले, गावभर झाला. तोंडच उघडंना माझा.”

सगळ्यांनी देवजींकडे पाहिलं. देवजी खुर्चीच्या हातावर नखाने काहीतरी खरवडत होते. “गावभर मी केला,” ते शेवटी पुटपुटले. “येक दिस थांबलो असतो तं काय व्हता.”

“गावाला मी सांगन,” पुतळाबाई म्हणाली. “उद्या येते सारसोल्याला. मांडवात उभी राहून सांगते, पोराचा दोष नाय, पोरीचा तर नायच. माझा व्हता.”

“आई, लोक हसतील,” रूपेश म्हणाला.

“हसू दे. माझे लगनात कोन हसला नव्हता, तरी मी रडलीच व्हती.”

जिन्यावर पावलं वाजली. बोलावण्याची वाट न बघताच मनस्वी वर आली होती. ती पुतळाबाईसमोर उभी राहिली, आणि दोघींनाही काय करावं ते सुचेना. मग मनस्वी तशीच स्वयंपाकघरात गेली. सासर अजून व्हायचं होतं, पण भाकरीची दुरडी तिला लगेच सापडली. ताट घेऊन ती परत आली आणि तिने ते पुतळाबाईच्या हातात दिलं.

“रडू नका,” ती म्हणाली. “जेवून घ्या.”

पुतळाबाईने तिच्याकडे बघत पहिला घास घेतला. राजश्री उठली, चपला घातल्या आणि जिना उतरली. मागून देवजींचा मोठा आवाज ऐकू आला. ते फोनवर मांडववाल्याला ओरडून सांगत होते की सगळे बांबू उद्या पहाटे परत उभे झालेच पाहिजेत.